दूरस्थ संगणकप्रवेशातील खासगी किल्लीचा सांभाळ

संशोधकाचे गणनकार्य आज बहुधा त्याच्या मेजावरील यंत्रावर होत नाही. आपल्या खोलीत बसून तो टर्मिनलवर एक ओळ टंकित करतो आणि दुसऱ्या इमारतीतील, प्रसंगी दुसऱ्या शहरातील सर्व्हरवर प्रवेश मिळवितो. हा प्रवेश ज्या व्यवस्थेने सुरक्षित होतो तिला सिक्युअर शेल, संक्षेपाने एसएसएच, असे म्हणतात. १९९५ साली हेलसिंकी तंत्रविद्यापीठातील टाटू यलोनेन ह्यांनी ती निर्माण केली. तेथील जाळ्यावरून जाणारे परवलीचे शब्द कोणी चोरून टिपून घेत असल्याचे उघडकीस आले होते, हे तिचे निमित्त. टेलनेटसारख्या तत्कालीन पद्धतींत हे शब्द तारेवरून उघडेच जात असत. ओपनबीएसडी प्रकल्पाने १९९९ साली सिद्ध केलेली ओपनएसएसएच ही तिची मुक्त आवृत्ती आज बहुतेक लिनक्स यंत्रांवर आढळते.

एसएसएचमध्येही परवलीचा शब्द वापरता येतो. परंतु अधिक भरवशाचा मार्ग किल्ल्यांच्या जोडीचा होय. 'एसएसएच-कीजेन' ही आज्ञा दिली असता दोन फाइली तयार होतात. एक जाहीर किल्लीची, दुसरी खासगी किल्लीची. जाहीर किल्ली सर्व्हरवरील 'ऑथोराइज्ड कीज' ह्या यादीत एका ओळीत नोंदवावयाची असते. खरे पाहता तिला किल्ली न म्हणता कुलूप म्हणणे अधिक सयुक्तिक झाले असते; ते कोणाच्याही दृष्टीस पडले तरी बिघडत नाही. प्रवेशाच्या वेळी खासगी किल्ली सर्व्हरकडे जात नाही. त्या जोडणीपुरत्या ठरलेल्या एका ओळखखुणेवर संशोधकाचे यंत्र खासगी किल्लीने सही करते आणि सर्व्हर ती जाहीर किल्लीने पडताळून पाहतो. म्हणजे वाटेत टिपण्याजोगे काही राहत नाही. त्याबरोबर चोराचे लक्ष वाटेवरून उठून घराकडे, म्हणजे त्या फाइलीकडे वळते.

घराची किल्ली हरवली तर जुडग्यात ती नसल्याचे ध्यानात येते. फाइलीची नक्कल मात्र मूळ फाइलीला धक्का न लावता होते. धन्यापाशी किल्ली जशीच्या तशी असते आणि तीच दुसऱ्यापाशीही असते. म्हणूनच ह्या फाइलीचे वाचनाधिकार केवळ धन्यापुरते, म्हणजे ६००, ठेवावे लागतात. ते सैल असल्यास ओपनएसएसएच ती किल्ली वापरावयास नकार देते. अनेक नवशिके ह्या नकाराला कंटाळतात, पण तो योग्यच आहे. परंतु यंत्रच चोरीस गेले, किंवा फाइल चुकून एखाद्या सामायिक साठ्यात गेली, तर अधिकारांचा उपयोग होत नाही. तेथे किल्लीवर घातलेले परवलीचे वाक्य कामास येते. ह्यातही एक खोच आहे. जुन्या साच्यातील फाइलींत ह्या वाक्याचे संरक्षण फार लेचेपेचे होते; २०१८ सालच्या ७.८ ह्या आवृत्तीपासून अधिक बळकट साचा सर्रास वापरात आला. ज्यांची किल्ली त्यापूर्वीची आहे त्यांनी नव्या आवृत्तीत वाक्य एकदा बदलावे. फाइल नव्या साच्यात लिहिली जाते.

एवढी सारी दक्षता घेऊनही किल्ली निकामी ठरू शकते, हे २००८ साली दिसून आले. डेबियन ह्या लिनक्स-प्रणालीत २००६ साली, एका तपासणी-साधनाच्या तक्रारीवरून, ओपनएसएसएल संग्रहातील काही ओळी काढून टाकण्यात आल्या. त्या नेमक्या यादृच्छिकता पुरविणाऱ्या होत्या. उरला तो केवळ प्रक्रियेचा क्रमांक, आणि त्याची कमाल मर्यादा सामान्यतः ३२,७६८. ज्या किल्ल्या विश्वातील कणांहून अधिक प्रकारच्या असावयाच्या, त्या विशिष्ट जातीच्या व लांबीच्या यंत्रागणिक जेमतेम तेवढ्याच उरल्या. त्या सर्व आधीच तयार करून एकेक लावून पाहणे हे काही तासांचे काम होते. १३ मे २००८ रोजी हा दोष जाहीर झाला. विशेष हे की, ज्या सर्व्हरवर डेबियन नव्हती तेथेही, तिच्यावर घडविलेली जाहीर किल्ली यादीत असल्यास, दार उघडेच होते. परवलीचे वाक्य कितीही लांब असले तरी त्याचा काहीएक उपयोग नव्हता, कारण चोराला फाइलीची गरजच उरली नव्हती. किल्ली कोठे व केव्हा घडविली ह्याची नोंद ज्यांनी ठेवली होती त्यांची त्या दिवसांत पुष्कळ धावपळ वाचली.

परवलीचे वाक्य दर वेळी टंकित करण्याचा त्रास टाळण्यासाठी 'एसएसएच-एजंट' हा सेवक असतो. 'एसएसएच-अ‍ॅड' ह्या आज्ञेने किल्ली त्याच्या स्वाधीन केली की तो ती स्मृतीत धरून ठेवतो व मागणीनुसार सही करून देतो. किती वेळ धरावी ह्याची मुदत घालता येते, ती घालावी. हा सेवक दूरच्या सर्व्हरपर्यंत पाठविण्याचीही सोय आहे, पण तेथील व्यवस्थापकाला किंवा तेथे शिरलेल्या चोराला जोडणी चालू असेतो त्याच्याकडून सह्या करवून घेता येतात. मधल्या यंत्रावरून पुढे जावयाचे असेल तर त्याला केवळ वाट म्हणून वापरणारी 'प्रॉक्सीजंप' ही सोय अधिक बरी.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती यादी. आमच्या विभागातील एका सर्व्हरवरील यादी आम्ही चाळली तेव्हा काही ओळींचे धनी कोण, हे कोणासच सांगता येईना. ओळीच्या शेवटी आपोआप पडणारी टीप वापरकर्त्याचे आणि यंत्राचे नाव तेवढे सांगते; 'लॅब' नावाच्या यंत्रावरील 'यूजर' कोण होता हे कळावयाचे कसे? पदवी घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याचे खाते बंद झाले तरी सामायिक खात्यातील त्याची ओळ राहते. ह्या ओळींना स्वतःहून मुदत नसते. ती हवी असल्यास यादीतच अंतिम तारीख लिहिण्याची सोय नव्या आवृत्त्यांत आहे. आम्ही आता प्रत्येक ओळीत व्यक्तीचे नाव, यंत्र आणि साल लिहितो, आणि प्रत्येक यंत्रासाठी निराळी किल्ली घडवितो, म्हणजे एक संगणक हरवला तर एकच ओळ पुसावी लागते. ती पुसल्याने पुढील प्रवेश थांबतो. त्या क्षणी चालू असलेली जोडणी मात्र चालूच राहते. ती निराळी तोडावी लागते.