ऑस्ट्रेलियातील आदिवासींचा भूमिहक्क आणि भूमीची राखण

ऑस्ट्रेलिया खंडाच्या उत्तर टोकास आर्नहेम लँड नावाचा विस्तीर्ण प्रदेश आहे. १९३१ साली तो आदिवासींसाठी राखीव म्हणून घोषित झाला होता. परंतु राखीव भूमी म्हणजे आदिवासींची भूमी नव्हे, हे १९६३ मध्ये स्पष्ट झाले. त्या वर्षी या प्रदेशातील गोव्ह द्वीपकल्पावरील (गोव्याशी असलेले नामसादृश्य केवळ योगायोगाचे) ३०० चौरस किलोमीटरहून अधिक भूमी शासनाने बॉक्साइटच्या खाणीसाठी काढून घेतली. तेथे पिढ्यान् पिढ्या वास्तव्य करणाऱ्या योलंगु लोकांना कोणी विचारले नाही.

यिर्काला येथील योलंगु वडीलधाऱ्यांनी तेव्हा संसदेकडे एक अर्ज पाठविला. अर्ज योलंगु आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत टंकलिखित केलेला होता. तो कागद झाडाच्या सालीवर डकविला होता आणि त्याच्या चहूबाजूंनी त्या त्या गोताची परंपरागत चित्रे रंगविली होती. ही चित्रे शोभेसाठी नव्हती. कोणते गोत कोणत्या भूमीचे, हे सांगण्याचे योलंगुंचे ते दस्तऐवजच होत. संसदेने अर्ज स्वीकारला, चौकशीसाठी समिती नेमली, आणि तरीही खाण सुरू झाली.

पुढे प्रकरण न्यायालयात गेले. १९७१ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी योलंगुंच्या विरुद्ध निर्णय दिला. या लोकांना स्वतःची सूक्ष्म व सुस्थिर अशी विधिव्यवस्था आहे, हे त्यांनी मान्य केले. मात्र ही व्यवस्था इंग्रजी कायद्यातील ‘मालमत्ता’ या कल्पनेत बसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुराव्यावरून पाहता, भूमी गोताची आहे असे म्हणण्यापेक्षा गोत भूमीचे आहे असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल, अशा आशयाचे विधान त्यांनी निकालपत्रात केले. ज्या नात्यामुळे योलंगु खटला हरले, त्याच नात्यावर पुढील अर्धशतकात ऑस्ट्रेलियातील भूमिहक्काचा कायदा आणि भूमिव्यवस्थापनाची पद्धती हळूहळू उभी राहिली. म्हणूनच हे विधान ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या निकालामागे मोठा इतिहास होता. १७८८ मध्ये ब्रिटिशांनी पहिली वसाहत केली तेव्हा या खंडावर मानवी वस्ती सुमारे ५०,००० वर्षे वा त्याहूनही अधिक काळ होती. तरीदेखील वसाहतीच्या कायद्याने ती भूमी कोणाचीच नाही असे गृहीत धरले. नांगरलेले शेत, कुंपण वा गाव दिसले नाही, म्हणून मालकही नाही, असा तो तर्क होता. भारतात ब्रिटिश आले तेव्हा त्यांनी जमिनीचा धारा कोण भरतो, हे तरी विचारले. ऑस्ट्रेलियात तेवढाही प्रश्न विचारला गेला नाही.

मूठभर मातीचा प्रसंग

न्यायालयात हा वाद चालू असताना रानावनात दुसरा लढा चालला होता. ऑगस्ट १९६६ मध्ये वेव्ह हिल या प्रचंड गोपालन केंद्रातील गुरिंजी जमातीच्या सुमारे २०० कामगारांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली काम सोडले. केंद्र वेस्टी या ब्रिटिश कंपनीच्या ताब्यात होते. आदिवासी गुराख्यांना गोऱ्या कामगारांच्या मानाने अत्यल्प वेतन मिळे. त्यामुळे बाहेरच्या लोकांनी हा वेतनाचा संप समजला. वास्तविक गुरिंजींची मागणी आपल्या पूर्वजांच्या भूमीची होती. ते ओढ्याकाठी तळ देऊन राहिले आणि वर्षानुवर्षे हलले नाहीत. १६ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी तेथे जाऊन मूठभर माती लिंगियारी यांच्या ओंजळीत घातली आणि सुमारे ३,२०० चौरस किलोमीटर भूमीचा पट्टा त्यांच्या हाती दिला. पट्टा म्हणजे मालकी नव्हे. मालकी मिळण्यास आणखी काही वर्षे जावी लागली.

१९७६ मध्ये पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांच्या काळात नॉर्दर्न टेरिटरीपुरता आदिवासी भूमिहक्क अधिनियम संमत झाला. त्यान्वये मिळणारी भूमी विश्वस्त मंडळाच्या नावे राहते आणि ती विकता येत नाही. भूमीसंबंधी करार करण्यापूर्वी भूमिपरिषदेला परंपरागत धारकांचा विचार घ्यावा लागतो. नव्या खनिज-संशोधनास नकार देण्याचा अधिकारही या धारकांना आहे. भूगर्भातील खनिज मात्र शासनाचेच राहते. आज या प्रदेशाची जवळजवळ निम्मी भूमी या अधिनियमाखाली आलेली आहे.

अधिनियमातील ‘परंपरागत धारक’ या संज्ञेची व्याख्या अधिकाऱ्यांनी व अभ्यासकांनी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. भूमीवरील पवित्र स्थळांशी ज्यांचे आध्यात्मिक नाते आहे, त्या स्थळांची व भूमीची प्रथम जबाबदारी ज्यांच्यावर आहे आणि त्या भूमीवर अन्न मिळविण्याचा ज्यांना हक्क आहे, असा वंशसमूह म्हणजे धारक. व्याख्येत जबाबदारी आधी येते व उपभोग नंतर. ज्या नात्याला १९७१ मध्ये न्यायालयाने मालमत्ता मानले नव्हते, त्याच नात्याला पाच वर्षांनी संसदेने कायद्यात स्थान दिले. अर्थात कायदा झाला म्हणजे भूमी मिळाली असे नव्हे. डार्विन शहरासमोरील केन्बी येथील दावा १९७९ मध्ये दाखल झाला आणि त्याची पूर्तता २०१६ मध्ये झाली. दावा करणाऱ्यांपैकी अनेकजण तोवर हयात नव्हते.

संपूर्ण देशाच्या दृष्टीने निर्णायक दिवस ठरला तो ३ जून १९९२. टॉरेस सामुद्रधुनीतील मेर बेटाचे एडी माबो व त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये दाखल केलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘कोणाचीच नसलेली भूमी’ हे गृहीतक त्या दिवशी फेटाळले. माबो त्याच वर्षी जानेवारीत निवर्तले होते. पुढे १९९३ च्या अधिनियमाने या मूळ हक्काच्या नोंदणीची रीत ठरविली. हा हक्क पूर्ण मालकीहून बराच निराळा आहे. कोठे तो केवळ शिकार, मासेमारी व विधी यांपुरता असतो. जेथे भूमी खाजगी मालकीत गेलेली आहे, तेथे तो संपुष्टात आलेला असतो. गुरचरणाच्या सरकारी पट्ट्यांवर तो पट्टेदाराच्या हक्काबरोबर नांदू शकतो, असे न्यायालयाने १९९६ मध्ये ठरविले.

पुरावा कोणता मानावा?

हक्क मान्य झाला तरी तो सिद्ध करावा लागतो, आणि खरी अडचण तेथेच आहे. ब्रिटिश अंमल सुरू झाल्यापासून आजवर आपले नियम व रूढी मोठा खंड न पडता चालू आहेत, असे दावेदार समाजाने दाखवावे लागते. मरे नदीच्या खोऱ्यातील योर्टा योर्टा समाजाला हे साधले नाही. १९९८ मध्ये न्यायालयाने त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी साक्षीपेक्षा एकोणिसाव्या शतकातील एका गोऱ्या पशुपालकाच्या लेखनाला अधिक वजन दिले. १८८१ मध्ये याच समाजातील लोकांनी आपली भूमी बळकावली गेली म्हणून राज्यपालांकडे थोड्या जमिनीसाठी अर्ज केला होता. तो अर्ज त्यांचा जुन्या भूमीशी संबंध तुटल्याचा पुरावा म्हणून वाचला गेला. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हा निकाल कायम ठेवला. ज्यांच्यावर सर्वाधिक अन्याय झाला, त्यांचाच दावा सर्वांत दुबळा ठरावा, हा या कायद्यातील मोठाच दोष म्हटला पाहिजे. व्हिक्टोरिया राज्याने २००४ मध्ये याच समाजाशी सहकारी व्यवस्थापनाचा करार केला, तेव्हा त्याचे काही अंशी परिमार्जन झाले.

याच्या नेमके उलट उदाहरण पश्चिमेकडील वाळवंटातले आहे. ग्रेट सँडी वाळवंटातील लोकांनी आपला दावा सांगण्यासाठी १९९७ मध्ये एक चित्र रंगविले. ८ मीटर रुंद व १० मीटर लांब अशा कापडावर प्रत्येक कुटुंबाने आपापले पाणवठे काढले. त्या वाळवंटात पाणवठा ठाऊक असणे म्हणजेच भूमी ठाऊक असणे. न्यायाधिकरणाची मंडळी आली तेव्हा साक्षीदार चित्रातील आपापल्या भागावर उभे राहून स्वभाषेत बोलले. ‘न्गुरारा’ या नावाने हे चित्र प्रसिद्ध आहे. २००७ मध्ये न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी तेथील एक भाग आदिवासी संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित झाला आणि तो सांभाळण्याचे काम त्याच लोकांकडे आले.

गोव्यातील वाचकांस ‘एक-चौदा’चा उतारा परिचित आहे. उताऱ्यावर नाव नसेल तर हक्क नाही, अशी सर्वसाधारण समजूत असते. आपल्याकडील २००६ च्या वनहक्क अधिनियमाने ही समजूत वनभूमीपुरती बाजूस सारली आहे. दाव्यासाठी वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन चालते. विहीर, स्मशान, देवस्थान अशा जागेवरील खुणाही पुरावा म्हणून ग्राह्य धरल्या जातात. गावड, कुणबी व वेळीप या समाजांचा २००३ मध्ये अनुसूचित जमातींत समावेश झाला आहे. त्यामुळे काणकोण, केपे, सांगे या तालुक्यांतील ग्रामसभांना ही तरतूद विशेष उपयुक्त आहे. देवराय कोणी राखली, जत्रेचा मान कोणत्या वाड्याचा, झऱ्याची सफाई कोण करीत आले, ही माहिती वृद्ध मंडळी हयात आहेत तोवर लिहून घेणे अगत्याचे आहे. या कामी शिक्षकांचे साहाय्य फार मोलाचे ठरू शकते. त्याच अधिनियमात सामूहिक वनाचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्कही स्वतंत्रपणे सांगितला आहे. तो वैयक्तिक दाव्यांच्या गर्दीत पुष्कळदा दृष्टीआड होतो.

आग लावण्याचे शास्त्र

व्यवस्थापन म्हणजे नेमके काय, हे पाहण्यासाठी पुन्हा आर्नहेम लँडकडे वळावे लागते. या प्रदेशाच्या पश्चिम भागातील खडकाळ पठारावरून विसाव्या शतकात लोक मिशनच्या वस्त्यांत व गावांत गेले आणि पठार ओस पडले. माणूस गेल्यावर निसर्ग आपोआप सुधारेल, अशी अपेक्षा कोणीही केली असती. घडले ते विपरीत. पावसाळ्यात माजलेले गवत कोणी जाळले नाही. ते वाळून कोरड्या ऋतूच्या अखेरीस, म्हणजे ऑगस्टनंतर, प्रचंड वणवे पेटू लागले. त्यांत जुनी वृक्षराजी होरपळली आणि गुहांतील प्राचीन चित्रांनाही धोका पोहोचला.

तेथील लोकांच्या गणनेत वर्षाचे सहा ऋतू आहेत. पाऊस ओसरून हवा थंड होऊ लागते, दव पडते आणि गवत अर्धे वाळलेले असते, तो काळ जाळण्याचा. तेव्हा लावलेली आग पायाशी रांगत जाते, सायंकाळी दव पडताच विझते आणि जळालेल्या व न जळालेल्या तुकड्यांची जणू गोधडी मागे ठेवते. पुढे मोठा वणवा आलाच तर तो या जळक्या पट्ट्यांपाशी थांबतो. कोणत्या उतारावर, कोणत्या वाऱ्यात, कोणाच्या परवानगीने आग लावावयाची, हे सारे वडीलधाऱ्यांना ठाऊक होते. चित्रकार म्हणून ख्यातनाम झालेले बार्डायाल नाजामेरेक यांच्यासारखे वृद्ध पठारावर परत गेले व त्यांनी तरुणांना हे शिकविले.

२००६ पासून सुमारे २८,००० चौरस किलोमीटर प्रदेशात हे काम संघटित रीतीने चालू झाले. आता पायी फिरण्याच्या जोडीला हेलिकॉप्टर व उपग्रहचित्रेही वापरली जातात. उशिराचे वणवे घटल्याने मिथेन व नायट्रस ऑक्साइड या वायूंचे उत्सर्जन घटते. ही घट प्रतिवर्षी १,००,००० टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीची व्हावी असे उद्दिष्ट होते आणि ते साध्य होऊन ओलांडलेही गेले. या घटीचा मोबदला म्हणून डार्विन येथील नैसर्गिक वायूच्या कारखान्याने दरवर्षी सुमारे दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचा करार केला होता. त्यातून भूमिरक्षकांचे वेतन निघाले. सह्याद्रीच्या दाट वनांत हाच प्रयोग करावा, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. येथील वन वेगळे आणि येथील वणव्यांची कारणेही वेगळी.

हे भूमिरक्षक म्हणजे त्याच समाजातील वेतन घेणारे स्त्री-पुरुष. इंग्रजीत त्यांना रेंजर म्हणतात, परंतु आपल्याकडील रेंजरप्रमाणे ते वनखात्याचे अधिकारी नसतात. आग लावणे, उपद्रवी तण व मोकाट जनावरे आटोक्यात ठेवणे, पाणवठे साफ करणे, किनाऱ्यावर वाहून आलेली टाकाऊ जाळी गोळा करणे आणि मुलांना जागांची नावे शिकविणे अशी त्यांची कामे आहेत. केंद्र शासनाने २००७ पासून त्यांच्या वेतनासाठी स्वतंत्र योजना चालविली. पहिले आदिवासी संरक्षित क्षेत्र १९९८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात नांटावरिना येथे घोषित झाले. आता अशी क्षेत्रे ऐंशीहून अधिक असून देशाच्या भूभागावरील एकूण संरक्षित क्षेत्राचा जवळजवळ निम्मा भाग त्यांनी व्यापला आहे. उलुरू या सुप्रसिद्ध लाल पर्वताची मालकी १९८५ मध्ये अनंगु लोकांना परत मिळाली, तीही राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या पट्ट्याने शासनास देण्याच्या अटीवर. व्यवस्थापन मंडळात मात्र अनंगूंचे बहुमत आहे. पवित्र पर्वतावर चढू नये, हा त्यांचा जुना आग्रह २६ ऑक्टोबर २०१९ पासून नियम झाला.

या चित्राला काळी बाजूही आहे. मे २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील जुकान घळीतील शैलाश्रय रिओ टिंटो कंपनीने लोहखनिजासाठी सुरुंगाने उडविले. तेथे ४६,००० वर्षांपासूनच्या मानवी वावराचे अवशेष होते. त्या भूमीचे धारक नोंदलेले व मान्यताप्राप्त होते आणि त्यांनी या जागेचे महत्त्व आधीच कळविले होते. पण १९७२ च्या राज्य कायद्यान्वये कंपनीपाशी रीतसर परवानगी होती. संसदीय चौकशी झाली आणि कंपनीचे वरिष्ठ अधिकारी पायउतार झाले. शैलाश्रय पूर्वस्थितीत येणे शक्य नाही. खाणींच्या परिसरात राहणाऱ्यांना नोंदलेला हक्क आणि नकाराचा अधिकार यांतील हे अंतर समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे १४ ऑक्टोबर २०२३ रोजी आदिवासींची सल्लागार संस्था राज्यघटनेत नमूद करण्याचा प्रस्ताव सार्वमताने सुमारे ६० टक्के विरोधी मतांनी फेटाळला.

गोव्हच्या खाणीचे प्रकरणही अर्धशतकानंतर पुन्हा न्यायालयात आले. योलंगुंचे नेते गलारवुय युनुपिंगु यांनी २०१९ मध्ये नुकसानभरपाईचा दावा दाखल केला. आपल्या जमातीच्या संमतीवाचून खाणीचे पट्टे दिल्याने तिचा हक्क हिरावला गेला, असे त्यांचे म्हणणे होते. १९७१ च्या खटल्यात तरुणपणी दुभाष्याचे काम करणारे ते हेच गृहस्थ. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. १२ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शासनाचे अपील फेटाळले. मूळ हक्क ही मालमत्ताच आहे आणि ती घ्यावयाची तर राज्यघटनेनुसार न्याय्य मोबदला द्यावा लागतो, असे न्यायालयाने ठरविले. गोव्हचे बॉक्साइट तोवर संपत आले होते.