फिश टँकची पाठ कोणत्या रंगाची हवी?

आमच्या मेडिसिन ओपीडीबाहेर, बाकांच्या समोर, तीन फुटी फिश टँक आहे. बऱ्या होऊन घरी गेलेल्या एका रुग्णाच्या मुलानं तो दिला. सरकारी रुग्णालयात अशा भेटीचं कौतुक महिनाभर टिकतं आणि मग त्याची देखभाल कोणी करायची, हा प्रश्न उरतो. आमच्याकडे वॉर्डातल्या मामांनी ते काम आपण होऊन अंगावर घेतलं, म्हणून मासे जगले. गेल्या पावसाळ्यात टँकमागे चिकटवलेला निळ्या समुद्राचा छापील कागद ओलाव्यानं कुजला, तो मामांनी काढून टाकला. मागे उरली चुन्याची पांढरी भिंत. वर ट्यूबलाइट, तळाला पांढरी खडी.

पंधरा दिवसांत मासे बेरंग दिसू लागले. एंजल माशांचे काळे पट्टे पुसट झाले. बाकीचे दिवसभर फिल्टरच्या आडोशाला. रांगेत बसलेल्या एका आजींनी मला थांबवून सांगितलं, "डॉक्टर, मासं आजारी हायेत तुमचं. त्यांचाबी केसपेपर काढा की."

आजींचा सल्ला मी मनावर घेतला. अमोनिया तपासायचं किट आणलं, पाण्याचं तापमान पाहिलं, अंगावर बुरशी किंवा पांढरे ठिपके आहेत का तेही भिंगातून पाहून झालं. सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आणि पेशंट मलूल, असं झालं की आम्ही डॉक्टर पेशंटच्या घरची परिस्थिती विचारतो. इथे घरात एकच बदल झाला होता, मागची भिंत.

माशाच्या त्वचेत मेलॅनोफोर नावाच्या पेशी असतात. त्यांच्यातले काळ्या रंगद्रव्याचे कण पेशीभर पसरले की मासा गडद दिसतो, मध्यभागी गोळा झाले की फिका. हा बदल मज्जातंतूंमार्फत काही मिनिटांत होऊ शकतो. परिसर बराच काळ फिकाच राहिला, तर संप्रेरकं ते काम पुढे चालवतात. त्यांपैकी एकाचं नाव मेलॅनिन कॉन्सन्ट्रेटिंग हॉर्मोन, म्हणजे एमसीएच. १९८३ साली चम साल्मन माशाच्या पियुषिका ग्रंथीतून ते वेगळं करण्यात आलं. पांढऱ्या परिसरात राहणाऱ्या माशात हे संप्रेरक वाढतं आणि तो फिका होतो.

मला यातला पुढचा भाग जास्त रंजक वाटतो. हेच संप्रेरक, थोड्या फरकानं, आपल्याही मेंदूत आहे. आपल्या कातडीचा रंग ते असा बदलत नाही. हायपोथॅलॅमसमध्ये राहून भूक आणि झोप यांच्या कारभारात भाग घेतं. हे संप्रेरक बनवणारं जनुक काढून टाकलेले उंदीर कमी खातात आणि सडपातळ राहतात, असं १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. माशाला भिंतीशी मिळतंजुळतं करणारा रेणू आपल्याकडे येऊन जेवणाच्या ताटाशी जोडला गेला!

म्हणजे आमच्या माशांचा फिकेपणा हा आजार नव्हता, पांढऱ्या भिंतीला दिलेलं ते उत्तर होतं. लपून बसण्याचं कारण मात्र वेगळं. चहूबाजूंनी उजेड असलेल्या उघड्या जागी लहान मासा सहज दिसतो, आणि दिसला की खाल्ला जातो. त्याच्या पूर्वजांनी शिकलेला हा धडा टँकमध्येही सुटत नाही.

मग पाठीला काय लावायचं? दुकानात गेलात तर आधी प्रवाळांचं पोस्टर पुढे करतात. गोड्या पाण्यातल्या माशांमागे समुद्राचा तळ, ही मला थोडी गंमतच वाटते, पण आवड ज्याची त्याची. खरी अडचण चित्राची नाहीच, ती चित्र आणि काच यांच्यामधल्या हवेची आहे. पाण्यातून तिरपा निघालेला प्रकाश काच ओलांडून हवेच्या सीमेवर पोहोचतो. तिथं तो सुमारे ४९ अंशांपेक्षा जास्त तिरपा असेल तर बाहेर पडतच नाही, पुरता आत परततो. त्यामुळे नुसत्या चिकटपट्टीनं लावलेल्या पोस्टरपुढची काच माशाला तिरक्या नजरेनं आरसाच असते. आपल्याला समोरून पोस्टरवर चंदेरी चट्टे दिसतात, तेही या हवेमुळेच. फायटर माशासारखा भांडखोर मासा स्वतःच्या प्रतिबिंबाला शत्रू समजून कल्ले फुगवतो. कधीमधी ठीक, पण दिवसभर अदृश्य शेजाऱ्याशी भांडण चालू राहिलं तर तो दमतो.

सोनोग्राफी करताना पोटावर थंडगार जेल लावतात, ते आठवा. यंत्राचा प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहिली तर ध्वनिलहरी तिथूनच माघारी फिरतात, आत जात नाहीत. ती हवा घालवण्यासाठी जेल. टँकच्या पाठीचंही तसंच. रंग काचेच्या बाहेरच्या बाजूला थेट लावला की मधली हवा संपते, आरसा नाहीसा होतो आणि गडद रंग प्रकाश शोषून घेतो. पोस्टरच हवं असेल तर ते प्लास्टिकचं घ्यावं आणि काचेवर ग्लिसरीनचा पातळ हात फिरवून मग चिकटवावं. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं बुडबुडे बाहेर काढावेत. साधा कागद मात्र ग्लिसरीन पिऊन डागाळतो.

आम्ही रंग निवडला. टँक रिकामा करून व्हरांड्यात नेला, मागची काच बाहेरून स्पिरिटनं पुसली, कडांना चिकटपट्टी लावली आणि स्पंजच्या रोलरनं पाण्यात मिसळणाऱ्या काळ्या इमल्शनचे तीन पातळ हात दिले. पहिला हात फारच वाईट दिसतो, पट्टेपट्टे उमटतात, मामा तर हिरमुसलेच. तिसऱ्या हातानंतर सगळं एकसारखं झालं. उद्या कंटाळा आला तर हा रंग ब्लेडनं खरवडून निघतो.

काळाच का? पाइप आणि हीटरची वायर त्यात हरवून जाते, माशांचे आणि वनस्पतींचे रंग उठून दिसतात. काळे मॉली पाळले असतील तर ते काळ्यावर दिसणारच नाहीत, तिथं गडद निळा किंवा राखाडी बरा. काळ्याचा एक तोटा म्हणजे आतल्या काचेवर साचलेले क्षाराचे पांढरे डाग लगेच नजरेत भरतात. आरशाची फिल्म कुणी सुचवली तर घेऊ नका.

रंग आतल्या बाजूनं कधीच लावू नये. आत बसवायचे कृत्रिम खडकांचे फोमचे पडदेही मिळतात, छान दिसतात, पण त्यांच्यामागे घाण साचते आणि लहान मासे अडकतात. ते चिकटवायला बाथरूमचं सिलिकॉन वापरू नये, त्यात बहुतेकदा बुरशीनाशक असतं.

आणि रंगकाम खोलीत, टँक चालू असताना तर मुळीच नको. टँकचा एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. ऑइल पेंटचा, थिनरचा वास तुम्हाला आला म्हणजे माशांच्या पाण्यातही तो पोहोचतो आहे. डास मारायच्या स्प्रेचंही तेच. त्यातली पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माणसाला तुलनेनं सौम्य, माशांना मात्र अत्यंत विषारी. डेंग्यूच्या दिवसांत धूरफवारणी होणार असेल तर पंप तेवढा वेळ बंद ठेवून टँक चादरीनं झाका. डासांच्या अळ्या खायला आरोग्य खातं ज्या गप्पी माशांवर भिस्त ठेवतं, तेच गप्पी या धुरानं मरावेत, हे बरं नाही.

खडबडीत खडकांच्या पाठीबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो, ती माझ्या ओपीडीतली. चाळिशीचा एक गृहस्थ, बोटाच्या पेरावर जांभळट गाठ. चार महिने मलम लावत होता, दोनदा अँटिबायोटिक्सचा कोर्स झाला होता. मग मनगटाकडे जाणाऱ्या रेषेत आणखी दोन गाठी आल्या. मी व्यवसाय विचारला, बागकाम विचारलं, मांजर विचारलं. टँकचं विचारायला मला दुसऱ्या भेटीपर्यंत सुचलं नाही, ही माझी चूक. टँकमधला खडक घासताना त्याला खरचटलं होतं. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद पाण्यात राहतो आणि जखमेतून शिरतो. त्याला साधारण ३० अंशांचं तापमान मानवतं, म्हणून शरीराच्या आत खोल न जाता तो बहुधा हातापायांच्या थंड कातडीवर ठाण मांडतो. औषधानं बरा होतो, पण काही महिने लागतात. हाताला जखम असेल तर टँकमध्ये हात घालू नका, किंवा लांब हातमोजे घाला. आणि महिनाभर न भरणारी गाठ हातावर असेल तर घरी फिश टँक आहे हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. आम्ही विचारायला विसरतो.

इतका खटाटोप कशाला, असं आमच्या एका सहकाऱ्यानं विचारलं. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या मत्स्यालयातला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या टाकीत टप्प्याटप्प्यानं मासे वाढवत नेले आणि बघणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. टाकीत फक्त पाणी असतानाही ठोके कमी झाले, मासे वाढले तसे आणखी कमी झाले. मी यावरून कुणाची रक्तदाबाची गोळी बंद करणार नाही. पण आमच्या बाकांवर लोक दोन-दोन तास रिपोर्टची वाट बघत बसतात, आणि त्यांच्यासमोर फिल्टरमागे दडलेले मासे असण्यापेक्षा फिरणारे असलेले बरे.

काळा रंग लावून आता तीन आठवडे झाले. मासे मधल्या पाण्यात येऊ लागलेत, एंजलचे पट्टे गडद होताहेत, पण पुरते नाहीत. कारण नंतर वाचताना कळलं. मासा वरून येणारा उजेड आणि खालून परावर्तित होणारा उजेड यांची तुलना करून आपला रंग ठरवतो, म्हणजे पाठीपेक्षा तळाचा वाटा मोठा. आमची खडी अजून पांढरीच आहे. ती एकदम बदलता येत नाही, कारण अमोनिया पचवणारे जिवाणू तिच्यावरच वस्ती करून असतात. काळी खडी आणून ठेवली आहे. मामा म्हणाले, अर्धी या रविवारी, उरलेली पुढच्या महिन्यात.