वाबाशकाठचं बीजगणित

वेस्ट लाफायेट, इंडियाना : शिकागोहून दक्षिणेला निघालं की मका आणि सोयाबीनची शेतं संपता संपत नाहीत. त्यांच्यामध्येच, वाबाश नदीकाठी, पर्ड्यू विद्यापीठ आहे. १८६२च्या कायद्याने अमेरिकी सरकारने राज्यांना जमिनी दिल्या. त्या विकून आलेल्या पैशातून शेतीची आणि यंत्रांची विद्या शिकवावी, ही अट. पर्ड्यू त्यातूनच १८६९ साली उभं राहिलं. ग्वाल्हेरच्या गणिताच्या प्राध्यापकांचे चिरंजीव, गणिती श्रीराम अभ्यंकर इथे १९६३ साली आले आणि अखेरपर्यंत इथलेच राहिले.

आपल्याकडच्या पेण-रोह्यातल्या दहावीच्या मुलांना त्यांचं काम परकं वाटायला नको. वर्गसमीकरणात क्षचा वर्ग अधिक ६ क्ष आलं, की ६चे निम्मे ३, त्याचा वर्ग ९, तो मिळवायचा. झाला पूर्ण वर्ग. पण त्यासाठी निम्मे करता आलं पाहिजे. जिथे १ अधिक १ शून्य होतात अशा संख्याव्यवस्थेत २ने भागताच येत नाही, आणि रीत अडते. पृष्ठांवरची टोकं आणि जिथे पृष्ठ स्वतःलाच छेदतं त्या जागा, बीजगणिताने सोडवून गुळगुळीत करण्याचं काम त्यांचे हार्वर्डचे गुरू ऑस्कर झारिस्की यांनी नेहमीच्या संख्यांसाठी केलं होतं. अशा अडेल व्यवस्थांमधल्या पृष्ठांसाठी ते अभ्यंकरांनी केलं, तेही पंचविशीत! १९५६ साली ते प्रसिद्ध झालं.

१९७८मध्ये त्यांना शोव्हने पारितोषिक मिळालं. ते उत्तम गणितलेखनासाठी देतात. आकडेमोडीच्या जुन्या, शाळेतल्या बीजगणिताची बाजू, ज्या लेखासाठी ते मिळालं त्यात त्यांनी ठामपणे मांडली आहे. मला तो लेख त्यांच्या सिद्धतांइतकाच मोलाचा वाटतो.

इथली एक गोष्ट तिकडे मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्याकडे साठीच्या आसपास प्राध्यापकाला शाल-श्रीफळ देऊन मोकळं करतात. इथे कायम प्राध्यापकांची सक्तीची निवृत्ती १९९४पासून कायद्यानेच गेली. त्याच वर्षी अभ्यंकरांचं १९५७चं अनुमान फ्रान्सचे रेनो आणि फिलाडेल्फियाचे हार्बेटर यांनी सिद्ध केल्याचं प्रसिद्ध झालं. चौसष्ट वर्षांचे अभ्यंकर तेव्हा त्याच प्रश्नातली समीकरणं प्रत्यक्ष मांडून दाखवत होते. २ नोव्हेंबर २०१२ रोजी, ब्याऐंशीव्या वर्षी, टेबलाशी काम करतानाच ते गेले.

पुण्यात १९७६ साली त्यांनी स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान चालू आहे, आणि शाळकरी मुलांची गणित ऑलिम्पियाडची तयारी तिथे करून घेतात. जुन्या काळचे गणिती केरूनाना छत्रे पेण-रोह्याच्याच जिल्ह्यात जन्मले; तिथल्या मुलांनी खोपोलीचा घाट चढून पुण्यापर्यंत जरूर जावं.