दोरी, ग्लोब आणि हुकलेला रविवार

गेल्या हिवाळ्यात माझा एक आउटपास वाया गेला. चूक माझ्या गणिताची होती.

ताई सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला येणार होती. विमान शनिवारी रात्री साडेआठला सुटणार होते आणि प्रवास सुमारे 18 तासांचा होता. मी हिशेब केला : रविवारी दुपारी अडीचला ताई हजर! रविवारचा पास काढून बाबांकडे गेलो, तर ते म्हणाले, "अरे, ती सोमवारी पहाटे येतेय." संध्याकाळच्या फॉल-इनला मी परत शाळेत होतो. ताईची भेट राहिली.

चुकले कुठे? हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ आपल्या साडेतेरा तास मागे असते. तिथे शनिवारी रात्रीचे साडेआठ, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळचे दहा. त्यात 18 तास मिळवा. सोमवारी पहाटेचे चार होतात.

पण 18 तास का लागतात? याचे उत्तर भूगोलाच्या वर्गातल्या ग्लोबवर मिळाले. आमच्या ग्लोबचा व्यास 30 सेंटीमीटर आणि पृथ्वीचा सुमारे 12,740 किलोमीटर. म्हणजे ग्लोबवरचा 1 सेंटीमीटर साधारण 425 किलोमीटर.

भिंतीवरच्या नकाशात या दोन शहरांना जोडणारी सरळ रेषा अरबस्तान, सहारा आणि अटलांटिक महासागरावरून जाते. तीच वाट ग्लोबवर दोरीने मोजली, तर 47 सेंटीमीटर भरली. म्हणजे जवळजवळ 20,000 किलोमीटर! मग दोरी दोन्ही शहरांवर धरून ताणली. ती आपोआप सरकून उत्तर ध्रुवाकडे गेली. लांबी फक्त 33 सेंटीमीटर, म्हणजे सुमारे 14,000 किलोमीटर. नकाशावर जी वाट वाकडी दिसते, तीच गोल पृथ्वीवर सर्वांत जवळची असते.

विमान तासाला साधारण 900 किलोमीटर जाते. 14,000 भागिले 900 केले की साडेपंधरा तास येतात. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे, समोरचा वारा आणि थोडा वळसा धरला की 17-18 तास होतात.

9 जानेवारी 2021 रोजी कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सर्व महिला वैमानिकांनी एअर इंडियाचे बोइंग 777 याच दोन शहरांदरम्यान उत्तर ध्रुवावरून आणले. 9 तारखेच्या रात्री निघालेले विमान 11 तारखेच्या पहाटे बेंगळुरूला उतरले.

ध्रुवाकडची वाट जवळची असली तरी सोपी नाही. विमानाचे इंधन उणे 47 अंशांच्या आसपास गोठू लागते, म्हणून टाकीतल्या तापमानावर सतत लक्ष ठेवावे लागते. मॅप रीडिंगला आपण ज्या कंपासवर डोळे मिटून विश्वास ठेवतो, तोही तिथे दगा देतो, कारण त्याची सुई चुंबकीय ध्रुवाकडे वळते, खऱ्या ध्रुवाकडे नाही. वाटेत अडचण आली तर उतरायला विमानतळही थोडेच.

तेव्हा मित्रांनो, कुणाला घ्यायला जायचे असेल तर आधी सुटण्याची वेळ भारतीय वेळेत बदला, मगच प्रवासाचे तास मिळवा.

या डिसेंबरलाही ताई शनिवारीच निघणार आहे. मी अर्ज सोमवारचा दिला आहे. मंजुरी हाऊसमास्तर सरांच्या हाती!