चौकाला नाव आहे, शिपायांना नाही

कोल्हापूरच्या दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. शाहू महाराजांच्या आधारानं 1906 साली ते उभं राहिलं. तिथून जवळच चिमासाहेब चौक आहे. रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. पण चिमासाहेब कोण, असं घरात विचारलं की मुलं गप्प बसतात.

चिमासाहेब हे छत्रपतींचे धाकटे बंधू. 1857 च्या उठावाला त्यांची साथ असल्याचा इंग्रजांना संशय होता. त्यांना कराचीला धाडलं गेलं. 1869 मध्ये तिथंच त्यांचं निधन झालं. त्यांचं नाव निदान चौकाला मिळालं. त्यांच्याआधी जीव दिलेल्या शिपायांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

कोल्हापुरात तेव्हा कंपनी सरकारची 27 वी पलटण होती. 31 जुलै 1857 च्या पावसाळी रात्री तिच्यातले शिपाई उठले. खजिना लुटला गेला. पुढे तीन तरुण इंग्रज अधिकारी मारले गेले, हेही लपवू नये. दुसऱ्या दिवशी दिल्लीत बकरी ईद होती आणि त्या ईदला बहादूरशहा जफर यांनी गोवधाला मनाई केली होती. दोन्ही समाजांत फूट पडू नये, ही त्यामागची काळजी.

कोल्हापूरचा उठाव थोड्याच दिवसांत मोडला. 18 ऑगस्टला 21 जणांना मृत्युदंड झाला: दोघांना फाशी, अकरांना गोळ्या, आठ जणांना तोफेच्या तोंडी. डिसेंबरात शहराचे दरवाजे बंद करून लोक पुन्हा उठले. दरवाजा फोडून इंग्रज आत आले आणि पुन्हा माणसं मारली गेली.

त्या 21 जणांत ‘आपले’ किती होते, असं कुणी तरी विचारतंच. मुंबई लष्कराच्या पलटणींत हिंदू-मुसलमान एकाच कंपनीत, एकाच रांगेत असत. शिक्षाही त्यांनी एकत्रच भोगली. मग आज आपण त्यांची वाटणी कशाला करायची? तोफेच्या तोंडी दिलेल्यांची तर मय्यतही उरली नसेल. गुस्ल, कफन, जनाजा कुठला?

यंदा 18 ऑगस्टला मगरिबनंतर घरातल्या सगळ्यांनी दहा मिनिटं एकत्र बसावं. त्यांच्यातल्या मुसलमानांसाठी मगफिरतीची दुआ मागावी आणि सगळ्यांची गोष्ट मुलांना सांगावी. सुरुवात चौकाच्या नावापासून करता येईल.