पाच दिवस घराबाहेर

बरा न होणारा आजार शेवटच्या टप्प्यात गेला की उपचारांचा रोख आजार हटवण्यावरून वेदना आणि त्रास कमी करण्याकडे वळतो. ही सेवा म्हणजे हॉस्पिस. ती पुष्कळदा घरीच मिळते. परिचारिका ठरलेल्या दिवशी येऊन जाते. बाकीचे तास घरच्यांचे. कूस बदलणे, अंग पुसणे, मॉर्फिनची वेळ सांभाळणे, रात्री तीनदा उठणे हे सगळे बहुधा एकाच माणसाच्या वाट्याला येते. तो माणूस पुरता थकण्याआधी रुग्णाला थोडे दिवस दुसरीकडे ठेवण्याची सोय म्हणजे रेस्पिट केअर. दाखल होण्याचे कारण घरच्यांच्या थकव्यात असते, अंथरूण सोडून मात्र रुग्णाला जावे लागते. म्हणूनच ही सोय त्याच्या बाजूने पाहायला हवी.

अमेरिकेत तिचे नियम स्पष्ट आहेत. मुख्यतः ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी विम्यात १९८२ च्या कायद्याने हॉस्पिसचा समावेश झाला. आजार आपल्या गतीने गेला तर आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी उरले आहे, असा डॉक्टरांचा दाखला त्यासाठी लागतो. रेस्पिटसाठी रुग्णाला मान्यताप्राप्त हॉस्पिस केंद्रात, रुग्णालयात किंवा नर्सिंग होममध्ये एका वेळी सलग पाच दिवसांपर्यंत ठेवता येते. मंजूर दराच्या ५ टक्क्यांपर्यंत रक्कम कुटुंबाने भरायची असते. गरजेनुसार ही सोय पुन्हा घेता येते, पण अधूनमधूनच.

पहिला दिवस सर्वांत अवघड. हाडांत पसरलेल्या कर्करोगात गाडीचा साधा धक्काही सहन होत नाही, म्हणून निघण्याआधी वेदनाशामकाचा डोस देऊन ठेवतात. सोबत औषधांची यादी जाते, तशी सवयींचीही जायला हवी: कोणत्या कुशीवर झोप लागते, गोळी कशाबरोबर गिळता येते, दिवा चालू लागतो की बंद. नव्या परिचारिकेला या गोष्टी कोणी सांगितल्या नाहीत, तर बोलण्याची ताकद नसलेला रुग्ण त्या सांगू शकत नाही. स्मृतिभ्रंश असलेल्यांना अनोळखी खोली फारच गोंधळात टाकते. घरची गोधडी, ओळखीचा फोटो, रोज भेटायला येणारे एक माणूस यांचा तिथे खरा उपयोग होतो.

मनात भीतीही असते: ‘मला इथे ठेवून गेले, आता परत नेणार नाहीत.’ रुग्ण ती सहसा बोलून दाखवत नाही. जाण्याचा निर्णय त्याला विचारून झाला असेल आणि परतीची तारीख आधीच सांगितली असेल, तर ही भीती पुष्कळ कमी होते. ‘तपासणीला जाऊ या’ असे खोटे सांगून नेणे हा त्याच्यावर अन्यायच आहे.

पण या दिवसांत रुग्णालाही काही मिळते, आणि त्याची दखल फारशी घेतली जात नाही. घरी मध्यरात्री कळ आली तरी अनेक जण हाक मारत नाहीत. मुलीचा आत्ताच डोळा लागला आहे, हे त्यांना माहीत असते. ते पहाटेपर्यंत सोसतात. केंद्रात रात्रपाळीची परिचारिका जागीच असते, तिला बोलावताना तो संकोच राहत नाही. घरी अंगावर काढलेली वेदना त्यामुळे प्रथमच नीट नोंदली जाते, डोस बदलतो. मॉर्फिनमुळे झालेली बद्धकोष्ठता किंवा पाठीवर सुरू होऊ पाहणारी जखम लक्षात येते. दुपारी भेटायला आलेली मुलगी त्या वेळी औषध घेऊन उभी नसते. ती नुसती जवळ बसू शकते.

एक गोष्ट आधीच बोलून घ्यावी लागते. आजार इतका पुढे गेलेला असतो की या दिवसांतही मृत्यू येऊ शकतो. तसे दिसू लागल्यास कोणाला, कोणत्या वेळी बोलवायचे, हे दाखल करतानाच ठरवावे.

महाराष्ट्रातही विनामूल्य हॉस्पिस सेवा आहे. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णांना सांभाळते. पुण्यात वारजे येथील सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ मध्ये सुरू झाले. तिथे घरचे माणूस रुग्णासोबत राहू शकते. आपल्याकडे ‘आजारी माणसाला दुसऱ्यांच्या हवाली केले’ या बोलण्याचा धाक पत्नीला आणि सुनेला फार असतो. त्यांना ही पद्धत अधिक मानवते. रुग्णाला सोडून जावे लागत नाही, शुश्रूषेचा भार मात्र प्रशिक्षित हातांवर जातो, आणि जखम कशी धुवायची, कूस कशी बदलायची हे घरी परतण्यापूर्वी शिकून घेता येते.