घड्याळ कोणत्या हाताला?

गेल्या महिन्यात पुतणीनं वाढदिवसाला घड्याळ दिलं. हल्लीच्या पद्धतीचं. पावलं मोजणारं, नाडी बघणारं आणि सवड झालीच तर वेळही सांगणारं. ते सुरू करताना पडद्यावर प्रश्न आला : घड्याळ कोणत्या मनगटावर बांधणार, डाव्या की उजव्या? पुतणीचं बोट आपसूक ‘डाव्या’कडे निघालं. मी म्हटलं, ‘‘थांब जरा.’’ साठी उलटून गेल्यावर हे मला कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं.

आपल्याकडे हा विचारायचा प्रश्नच नव्हे. पानात डावी बाजू कुठली, उजवी कुठली, हे जसं ठरलेलं, तसंच हे. जेवण उजव्या हातानं, तीर्थ उजव्या हातावर, पैसे द्यायचे-घ्यायचे ते उजव्या हातानं. उरला तो डावा, त्याला घड्याळ. नोकरी करणाऱ्या बायकांनी डाव्या हातात घड्याळ बांधून बांगड्या एकट्या उजव्या हातात ठेवायला सुरुवात केली, तेव्हा घरोघरी थोडी कुरकुर झाली. माझी आजी माझ्या आईला म्हणायची, ‘‘एक हात ओका दिसतो गं.’’ पण घड्याळ उजव्या हातात बांध आणि बांगड्या डाव्यात घाल, असं आजीलाही कधी सुचलं नाही.

खरं कारण धर्मात नाही, घड्याळाच्या चावीत आहे. पूर्वी पुरुषांची घड्याळं खिशात असत. मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. बोअर युद्धात आणि पुढे १९१४ ते १९१८च्या महायुद्धात सैनिकांना खिशात हात घालून वेळ बघणं परवडेना, तेव्हा घड्याळ पुरुषांच्या मनगटावर आलं. खिशातल्या घड्याळाची चावी बहुधा बाराच्या आकड्यावर असे, ती मनगटावर तीनच्या आकड्याशी येऊन बसली. डाव्या हातात बांधलं की ती पंजाच्या बाजूला येते आणि उजव्या हाताच्या चिमटीत अलगद सापडते. शिवाय काम करणारा हात उजवा; धक्का लागायचा तो त्याला. घड्याळ रिकाम्या हाताला बरं. पुढे आपोआप चावी बसणारी घड्याळं आली, १९६९च्या डिसेंबरात जपानच्या सायकोनं क्वार्ट्‌झचं मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि चावी देण्याचं कामच संपत गेलं. हात मात्र तोच राहिला.

या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : डावा हात रिकामा असतो. माझा नव्हता.

मी डावरा. शाळेत गुरुजींनी पट्टीनं आणि घरी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निव्वळ नजरेनं माझी लेखणी उजव्या हातात आणली. नाना जिल्हा परिषदेत कारकून. अक्षर मोत्यासारखं. डाव्या हातानं लिहिणारा मुलगा त्यांना कागदावर पडलेल्या शाईच्या डागासारखा वाटत असावा. मारलं त्यांनी कधीच नाही. ते फक्त शेजारी बसत आणि पेन्सिल डाव्या हातात गेली की काढून उजव्यात देत. न बोलता, शंभर वेळा. वर्षभरात मी उजव्या हातानं लिहू लागलो. चित्र काढायला, चेंडू फेकायला, खिळा ठोकायला मात्र डावाच राहिला. तिथे कुणाचं लक्ष नव्हतं.

१९७७ साली मी दहावी झालो आणि नानांनी मला एचएमटीचं घड्याळ घेतलं. त्या काळी पास झालेल्या मुलाला आणि बोहल्यावरच्या जावयाला एचएमटी, हे समीकरणच होतं. १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं हा सरकारी कारखाना उभा राहिला. २०१६ साली सरकारनंच तो घड्याळांचा व्यवसाय बंद करायचं ठरवलं. नानांच्या हातात त्यातलंच ‘जनता’ होतं. सकाळी आंघोळ झाली की ओल्या केसांनी उभे राहून ते चावी देत. मोजून वीस फेरे, मग कानाला लावून खात्री. तसलंच घड्याळ मिळाल्याच्या आनंदात मी ते उजव्या मनगटावर चढवलं. नानांनी पट्टा सोडला आणि डाव्या हाताला बांधला. आईला म्हणाले, ‘‘घड्याळ जपायचं म्हणून तरी तो हात गप्प बसेल.’’

हात काही गप्प बसला नाही. दोन वर्षांत दोन काचा फुटल्या. दुसऱ्या खेपेला दुरुस्तीवाल्या काकांनी डोळ्याला भिंग लावून घड्याळ उलटंसुलटं केलं आणि न बघताच विचारलं, ‘‘डावरे का तुम्ही?’’ मी दचकलो. त्यांनी काचेवरचे ओरखडे दाखवले. खिसखिशीत झालेली चावी दाखवली. माझ्या पंजामागे चावी रुतून पडलेला घट्टाही त्यांनी बरोबर ओळखला. ‘‘मग उजव्या हातात बांधा की.’’ मी म्हणालो, ‘‘वडील...’’ त्यांनी मान हलवली आणि नवी काच बसवली. कुंडलीपेक्षा घड्याळावरून माणूस जास्त कळत असावा.

१९९४ साली नानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं अडखळत का होईना, राहिलं, अक्षर गेलं. घड्याळ डाव्या हातातच होतं, पण आता त्याला चावी कोण देणार? ज्या हातात घड्याळ, त्या हाताला ती देता येत नाही. सकाळी कचेरीला जाण्याआधी मी त्यांच्या मनगटावरच वीस फेरे देत असे. ते खिडकीबाहेर बघत बसत.

नोव्हेंबर आला आणि निवृत्तिवेतनासाठी हयातीच्या दाखल्यावर सही हवी होती. अंगठा चालला असता. नाना म्हणाले, ‘‘अंगठा नाही.’’ मी चौकटीची वही आणली. डाव्या हातानं लिहिताना कागद उजवीकडे कलता ठेवावा लागतो, पेन टोकापासून जरा वर धरावं लागतं. नाहीतर आपल्याच हातानं ओली शाई पुसत जाते. हे मी त्यांना दाखवत होतो. हात धरून, बोटं वळवून. ते वैतागले, तेव्हा गांधीजींचं सांगितलं. १९०९ साली बोटीवर ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना उजवा हात थकला की गांधीजी डाव्यानं लिहीत. हस्तलिखिताची २७५ पैकी ४० पानं डाव्या हातची आहेत. नानांनी ऐकलं. मग माझ्या बोटांकडे पाहत त्यांनी विचारलं, ‘‘तुला हे कुणी शिकवलं?’’

‘‘कुणी नाही,’’ मी म्हटलं.

त्यावर ते काही बोलले नाहीत. वही मात्र पुढे ओढली. तीन आठवड्यांनी सही झाली. उतरंडीसारखी तिरकी, पण सही.

त्यानंतरची एक सकाळ. मी चावी द्यायला गेलो, तर घड्याळ काढून मांडीवर ठेवलेलं. पट्टा दातानं सोडवला होता. लुळ्या पंजाखाली घड्याळ दाबून धरून नाना डाव्या हातानं चावी देत होते. फेरे मोजून झाले. कानाला लावलं. मग डाव्या हातानं उजवा हात उचलून त्यांनी माझ्यापुढे केला आणि म्हणाले, ‘‘याला बांध. हा आता रिकामाच आहे.’’ मी बांधलं. डाव्या मनगटावरचा पट्ट्याखालचा पांढरा वळ पुढे कित्येक महिने तसाच दिसत होता. शेवटपर्यंत, म्हणजे २००१ पर्यंत, घड्याळ उजव्याच हातात राहिलं.

मी स्वतः मात्र डाव्याच हातात बांधत आलो. क्वार्ट्‌झ घेतलं तरी. का, ते सांगता येणार नाही.

परवा त्या पडद्यावर मी ‘उजवं’ दाबलं. पुतणी म्हणाली, ‘‘काका, बटण उलट्या बाजूला येईल हं. तुम्हाला दाबायला अवघड जाईल.’’ मग तिनंच कुठेसं आत जाऊन पडदा उलटा करून दिला. तशीही सोय असते म्हणे.